गाडीला खरारा नको

बैलाच्या अंगावरून खरारा फिरवला की तो कसा सुखावतो, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. कातडी थरथरते, डोळे अर्धे मिटतात, आणि अंगावरची धूळ, सुटलेले केस, वाळलेले शेण सारे निघून जाते. माझ्या मामांच्या गोठ्यात खिलारी जोडी होती तोवर रोज सकाळी हा कार्यक्रम चालायचा. पुढे ट्रॅक्टर आला, जोडी गेली, खरारा मात्र खुंटीला तसाच लटकून राहिला. आणि तीन वर्षांमागे दारात चारचाकी गाडी आली, तेव्हा मामांच्या हाताला पुन्हा काम मिळाले.

मामांचे गाव कोऱ्हाळे बुद्रुक. नीरेहून बारामतीला जाताना लागते ते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसात उभे राहिलेले गाव. मामांच्या गाडीत चार-पाच हंगामांचे उसाचे बिल आहे आणि वर बँकेचा हप्ता आहे. रंग मामींनी पसंत केला. गडद निळा, जवळजवळ काळाच म्हणा ना. मामा सत्तरीच्या पुढचे, त्यांना गाडी चालवता येत नाही. पण रोज सकाळी धार काढून झाली की जुन्या धोतराचे फडके घ्यायचे आणि टपापासून चाकापर्यंत गाडी पुसून काढायची, हा त्यांचा नेम. पाण्याचा थेंब न लावता, कोरडीच. जोर लावून, गोल-गोल. खरारा करावा तशी.

दिवाळीला मामेभाऊ चाकणहून आला. सकाळी दहाच्या उन्हात गाडी उभी होती. त्याने बॉनेटकडे तिरके पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. सूर्याचे प्रतिबिंब पडले होते तिथे भोवती कोळ्याचे जाळे विणावे तसे हजारो बारीक ओरखडे. तो एवढेच म्हणाला, "आबा, इथून पुढं गाडीला हात लावू नका."

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी धोतराचे फडके खराऱ्याच्या शेजारी खुंटीला लागलेले दिसले. ज्या हाताने घर उभे केले, त्या हाताला दारातल्या वस्तूला शिवायची बंदी झाली. मामींनी मला हे फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा आवाज गाडीच्या ओरखड्यांसाठी नव्हे, दुसऱ्याच कशासाठी तरी बसला होता.

मामेभावाने जाण्यापूर्वी मायक्रोफायबरचे चार टॉवेल मागवून ठेवले होते. 'याने पुसा, ओरखडा पडत नाही' असे मामींना सांगून गेला. संक्रांतीला आला तर ओरखडे आणखी वाढलेले! आता तर मामांनी हातही लावला नव्हता. पुसत होता तो गड्याचा मुलगा, आणि महागाच्या टॉवेलाने. मग चूक कोणाची?

वाचकहो, तुमच्याही दारात आता गाडी असेल, नसेल तर येऊ घातली असेल. निदान मोटारसायकल आहेच. तिच्या टाकीचा रंगही याच जातीचा. म्हणून आज हा विषय जरा पाल्हाळाने घेते.

पहिली गोष्ट ही की ओरखडा फडके पाडत नाही, फडक्याखालचा कण पाडतो. गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. सर्वांत खाली गंज धरू नये म्हणून दिलेला थर, त्यावर अस्तर, त्यावर दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर, ज्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. चमक येते ती या वरच्या थराने. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. तुमच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर सारी शोभा उभी आहे. जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडरच्या रंगावर हा वेगळा पापुद्रा नसे, तिथे पॉलिश करताना गाडीचा रंगच फडक्याला लागायचा, हे ज्यांनी त्या गाड्या पुसल्या आहेत त्यांना आठवेल.

आता आपल्याकडची धूळ पाहा. मातीतली आणि रस्त्यावरची वाळू काचेलाही ओरखडा पाडते इतकी कठीण. खडीचा भुगा आहे. आणि एक गोष्ट खास आपल्या ऊसवाल्यांची. उसात शिरले की पानाने हात चिरतो की नाही? त्या पानाच्या कडेला सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचे, बारीक दाते असतात. पाचट पेटवले की पान जळते, सिलिका जळत नाही. ती राखेत उरते आणि वाऱ्यावर येऊन गाडीवर बसते. राख बोटाला पिठासारखी मऊ लागते म्हणून आपण फसतो. अशा राखेवरून कोरडे फडके गोल फिरवणे म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यातलाच प्रकार, फक्त पेपर फार बारीक नंबरचा एवढेच. मग ते फडके धोतराचे असो, सोलापुरी टॉवेलाचे असो, की जपानी तंतूचे असो.

जपानी म्हटले ते उगाच नाही. इतके बारीक तंतू काढण्याची विद्या जपानमध्ये मोठी झाली. तोरे नावाच्या कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी १९७० च्या सुमारास अतिसूक्ष्म तंतूंपासून हरणाच्या कातड्यासारखे मऊ कापड तयार केले. त्याचे कोट शिवले जात. पुसण्याची फडकी त्यानंतरची. तंतूचा बारीकपणा मोजण्याचे माप आहे डेनियर. नऊ हजार मीटर तंतूचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. एक डेनियरच्या आत आला की तो मायक्रोफायबर. नऊ किलोमीटर लांब आणि वजन ग्रॅमभरही नाही! रेशमाच्या तंतूहूनही हा बारीक.

पुसण्याच्या फडक्यात आणखी एक करामत केलेली असते. पॉलिएस्टर आणि नायलॉन असे दोन पदार्थ एकाच तंतूत, संत्र्याच्या फोडी एकमेकींना चिकटून असाव्यात तसे, ओढलेले असतात. नंतर प्रक्रिया करून या फोडी सुट्या करतात. एका तंतूच्या अशा कितीतरी पाकळ्या होतात, त्यांच्या कडा पाचरीसारख्या, आणि मधल्या फटी पाण्याला व मळाला वर ओढून घेतात. खरा गुण इथे आहे. कण पृष्ठभागावर लोळत न राहता केसाळ भागात वर उचलला जातो. सपाट विणीच्या धोतरात त्याला शिरायला जागाच नाही, म्हणून तो फडके आणि रंग यांच्या मध्ये चिरडत जातो.

पण हा गुण म्हणजेच त्याचा अवगुणही बरे का. जे फडके कण धरून ठेवते, ते धरूनच ठेवते. साध्या झटकण्याने ते सोडत नाही. एकदा ते भूमीवर पडले, गव्हाणीपाशी कडब्याच्या भुशात लोळले, की त्यात जे शिरले ते पुढच्या खेपेला तुमच्या बॉनेटवर येणार. मामांच्या घरी नेमके हेच झाले होते. मी गेले तेव्हा चारांपैकी एक टॉवेल बाभळीच्या कुंपणावर वाळत होता, एक ट्रॅक्टरच्या सीटवर होता, आणि तिसऱ्याने मामींनी पाटा पुसला होता. त्यांचा तरी काय दोष? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. फडके ते फडके.

आता खरेदीचे बोलू. बारामतीच्या दुकानात जा की रस्त्याकडेला गाडीच्या सामानाची टपरी पाहा, 'मायक्रोफायबर' म्हणून काहीही हातात देतात. नुसत्या साध्या पॉलिएस्टरचे गुळगुळीत कापडही त्या नावाने खपते. जळका धागा पाहून साडी ओळखायची आपली जुनी रीत आहे. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण ही परीक्षा इथे अपुरी, कारण खरा मायक्रोफायबरही वितळणारच. त्याऐवजी दोन सोप्या परीक्षा करा. तळहात फडक्यावरून हलकेच फिरवा. आपले हात कष्टाचे, भेगाळलेले. फोडी सुट्या झालेले खरे फडके त्या भेगांना अडकते, चिकटल्यासारखे वाटते. काही जणांना ते अगदी नकोसे होते. गुळगुळीत घसरून गेले तर समजा, पाकळ्या सुट्या झालेल्या नाहीत. दुसरी परीक्षा पाण्याची. फरशीवर पेलाभर पाणी सांडा आणि फडके त्यावरून ओढा. चांगले फडके पाणी पिऊन टाकते, फसवे फडके पाणी पुढे ढकलत नेते.

मऊपणाची परीक्षा घरीच होते. कीर्तनाच्या, लग्नाच्या जुन्या सीडी प्रत्येक घरात धूळ खात पडल्या आहेत. त्यातली नकोशी झालेली एखादी चकचकीत तबकडी घ्या, स्वच्छ धुऊन वाळवा, आणि नवे धुतलेले फडके तिच्या आरशासारख्या बाजूवर दहा-बारा वेळा चोळा. मग उजेडात तिरकी धरा. त्या प्लॅस्टिकवर ओरखडा लवकर उठतो. त्याच्यावर रेघ उठली नाही तर गाडीला भीती नाही. ही परीक्षा फडक्याच्या काठाने वेगळी करा. कारण पुष्कळदा मधला भाग लोण्यासारखा असतो आणि काठाची ओव्हरलॉकची शिवण नायलॉनच्या कडक दोऱ्याची असते. शक्यतो बिनकाठी कापलेले किंवा मऊ पट्टीचा काठ असलेले घ्या. आणि कोपऱ्यात शिवलेली कंपनीची चिठ्ठी घरी आणल्याबरोबर कात्रीने काढून टाका. त्या एवढ्याशा चिठ्ठीने ओढलेली रेघ मी स्वतः पाहिली आहे.

पाकिटावर 'जीएसएम' असा आकडा असतो. एका चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, तो हा आकडा. पुसण्याला ३०० ते ४०० पुरे, पाणी टिपून घेण्याला ५०० किंवा वर असले तर बरे. आता पाकिटावरचे सारेच खरे असते असे नाही, पण वजनकाटा तर आपल्या हातात आहे! ४० सेंटिमीटर लांब-रुंद फडक्याचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. त्याला ३५० ने गुणले की ५६ ग्रॅम. म्हणजे ३५० लिहिलेले फडके काट्यावर ५५-५६ ग्रॅम भरले पाहिजे. मामांनी आपले फडके किराणा दुकानाच्या काट्यावर टाकले, तर एक भरले ३२ ग्रॅम. दोनशेचा माल साडेतीनशेच्या नावाने. खताचे पोते वजनात मारले तर आपण भांडतो, मग फडक्याचे का सोडावे? पाणी टिपण्याचा मोठा टॉवेल ६० बाय ९० चा असेल तर क्षेत्रफळ ०.५४, आणि ५०० जीएसएमला वजन २७० ग्रॅम. पाटीवर खडूने लिहून ठेवा.

किती घ्यावेत? माझ्या मते घरटी सहा पुरेत, पण रंग निरनिराळे घ्या आणि कामे वाटून द्या. दोन फक्त वरच्या रंगाला, एक मोठा पाणी टिपायला, एक काचांना, एक आतल्या भागाला, एक चाके आणि दारांच्या खालच्या कडांना. चाकांना ब्रेकची झिजलेली पूड चिकटलेली असते, त्यात लोखंडाचे कण असतात. तो टॉवेल एकदा चाकाचा झाला की मरेपर्यंत चाकाचा. पुन्हा वरच्या जातीत त्याला घ्यायचे नाही. जातीपाती माणसांत नकोत, फडक्यांत मात्र पाळा.

आता धुण्याची रीत. बेंदराला बैल धुताना आपण काय करतो? आधी पाण्यात घालतो, अंगावर भरपूर पाणी मारतो, माती फुगून सुटू देतो, आणि मग हात लावतो. गाडीचेही तेच. आधी मोटारीच्या पाइपाने टपावरून खाली भरपूर पाणी सोडा. ज्यांच्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचा एचटीपी पंप आहे त्यांचे तर काम सोपे. मात्र गन हात-दीड हात लांब धरा, जिथे खडा लागून रंगाचा टवका उडाला आहे तिथे जवळून मारू नका, टवका मोठा होतो. आणि पंपात, पाइपात तणनाशकाचा, औषधाचा अंश नाही याची खात्री करून घ्या. ते तुषार तुमच्याच तोंडावर येणार आहेत. त्यापेक्षा पाठीवरचा एखादा जुना पंप फक्त पाण्यासाठी वेगळा काढून त्यावर तांबड्या रंगाने खूण केलेली बरी. त्यात शाम्पूचे पाणी भरून गाडीभर फवारा, पाच मिनिटे थांबा, धुऊन टाका. हात न लावताच बहुतेक माती निघून जाते. उरलेल्यासाठीच फडके.

कपडे धुण्याची पावडर गाडीला वापरू नका. ती तीव्र असते, मेणाचा लेप असेल तर तो उतरवते, आणि तिचे न विरघळलेले कण स्वतःच खरखरीत असतात. गाडीचा शाम्पू मिळतो, तो बादलीला टोपणभर पुरतो. अगदी नसलाच तर डोक्याच्या शाम्पूची पुडी एकदोन वेळा चालून जाते. बादल्या मात्र दोन घ्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. भिजलेले फडके शाम्पूत बुडवायचे, गाडीच्या एका भागावरून सरळ रेषेत, वजन न देता ओढायचे, आणि शाम्पूत परत नेण्याआधी साध्या पाण्यात खळबळून काढायचे. एकच बादली ठेवली तर टपावरची माती पाण्यात जाते आणि पाण्यातून दारावर येते. टपापासून सुरुवात, खालच्या कडा शेवटी. गोल फिरवू नका. सरळ ओढल्याने ओरखडा पडलाच तरी एका बाजूनेच डोळ्यांत भरतो. गोल ओरखडा कुठूनही पाहा, चमकतोच. फडक्याची चौघडी करा म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पाठी मिळतात. एक मळली की दुसरी उलटवा. खाली पडले तर उचलून झटकू नका, सरळ धुण्यात टाका. इथे काटकसर करू नये.

उन्हात गाडी धुणे टाळा, सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात धुवा. आपल्या कालव्याच्या पट्ट्यात हे विशेष. १८८५ पासून या कालव्याने आपल्याला ऊस दिला, पण जास्तीच्या पाण्याने कितीतरी जमिनी क्षारपड, चोपण झाल्या हेही आपण पाहतो. विहिरी-बोअरच्या पाण्यातही ते क्षार उतरतात. थेंब रंगावर वाळला की पाणी उडून जाते आणि क्षाराचे पांढरे कडे मागे राहते. म्हणून धुतल्याबरोबर पाणी टिपायचे. टिपायचे म्हटले, पुसायचे नव्हे. मोठा टॉवेल बॉनेटवर पसरा, वरून तळहाताने हलके थापटा, उचला. किंवा दोन कोपरे धरून आपल्याकडे सावकाश ओढून घ्या. आधी किंचित ओलावून पिळलेला टॉवेल कोरड्यापेक्षा लवकर पाणी धरतो.

आणि ज्यांच्याकडे मायक्रोफायबर नाही त्यांनी? माझे स्पष्ट मत सांगते. वापरून मऊ झालेला, स्वच्छ धुतलेला, फुंदक्यांचा सोलापुरी टॉवेल ओल्या गाडीवर हलक्या हाताने वापरला, तर तो कोरड्या धुळीवर फिरवलेल्या महागड्या मायक्रोफायबरपेक्षा शंभरपट बरा. फुंदक्यांमध्ये कणाला थोडी तरी जागा मिळते. धोतर, पंचा, जुनी बनियन ही सपाट कापडे मात्र नकोत. पिसांची किंवा धाग्यांची झटकणी घेऊन रोज धूळ झटकणारेही पुष्कळ आहेत. तोही खराराच. गाडीवर कापडी झाकण घालणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: धुळीने भरलेल्या गाडीवर झाकण घातले तर रात्रभर वारा ते हलवतो आणि तुम्ही झोपेत असताना खरारा चालू राहतो. झाकण घालायचे तर धुतलेल्या गाडीवर. आणि पोरे धुळीवर बोटाने आपली नावे लिहितात ना, ती नावे धुतल्यावरही उन्हात वाचता येतात.

दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतोच. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, सुती दोऱ्यात ओवा. कुंकवाचे बोट, नारळाचे पाणी तासाभरात ओल्या फडक्याने टिपून घ्या. चिंचेखाली, लिंबाखाली गाडी लावली की पाखरांची शिट पडते. ती वाळल्यावर खरवडू नका. ओले फडके तिच्यावर दहा मिनिटे नुसते ठेवा, फुगली की उचलून घ्या.

आता घरातल्या भगिनींशी दोन शब्द, कारण शेवटी ही फडकी तुमच्याच बादलीत येऊन पडतात. नवी फडकी वापरण्याआधी एकदा धुवा, सुटे तंतू निघून जातात. गोधडी, सुती टॉवेल, लुगडी यांच्याबरोबर घालू नका. सुती बोंडे त्यांच्या पाकळ्यांत शिरून बसतात आणि काही केल्या निघत नाहीत. वेगळ्या बादलीत, कोमट पाण्यात, पातळ साबणाने हातानेच खळबळा. पावडर घातलीच तर आधी पूर्ण विरघळवा. कपड्यांना मऊ करणारे सुवासिक द्रव घालू नका. त्याचा तेलकट थर तंतूंवर बसतो आणि फडके पाणी पिईनासे होते. ब्लीच नको, नीळ नको, खळ तर नकोच नको. इस्त्री लावू नका, तंतू वितळून कडक होतात आणि तेच टोक रंगाला लागते. वाळत घालायचे ते सावलीत, दोरीवर. गवतावर नाही, कुसळे शिरतात. गच्चीच्या कठड्यावर नाही, सिमेंटचे कण लागतात. कुट्टी मशीनच्या बाजूला तर मुळीच नाही. वाळले की झाकणाच्या डब्यात. आणि हे शेवटी प्लॅस्टिकचेच तंतू आहेत, धुताना डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्यात सुटतात, म्हणून ही फडकी कालव्यावर किंवा विहिरीच्या काठी धुवायला नेऊ नका.

मामांच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगते. मोबाइलची बॅटरी तिरकी धरून आम्ही तिघांनी सारी गाडी पाहिली. ओरखड्यावरून नख आडवे फिरवले. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरापुरताच आहे, पॉलिशने जाऊ शकतो. अडकले तर खोल आहे, त्याला रंगच लागेल. बहुतेक सारे वरचेच निघाले. मामेभाऊ म्हणाला, "मशीनचं पॉलिश करून आणतो." मी त्याला म्हटले, करावे, पण सावकाश. पॉलिश ओरखडा भरत नाही, भोवतीचा थर घासून ओरखड्याइतका खाली आणते. केसाहून पातळ थरातून दरवर्षी थोडे खरवडत गेले तर पाच-सात वर्षांनी उन्हाने तो पापुद्रा सुटायला लागतो, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक आधी टपाकडेच बोट दाखवते. एकदाच केले, तेही धुण्याची रीत बदलल्यावर.

रीत बदलायला मात्र माणूस हवे होते, रोज नव्हे पण दर आठवड्याला नेमाने करणारे. गड्याच्या मुलाकडून ते होईना. मामेभाऊ चाकणला. मग एका रविवारी त्यानेच पाठीवरचा जुना पंप धुऊन, तांबडी खूण करून मामांपुढे ठेवला. म्हणाला, "आबा, हे तुमच्याशिवाय कुणाच्यानं व्हायचं नाही." मामा बराच वेळ पंपाचा नोझल फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, "आधी भिजवायचं, मग हात लावायचा. अरं, एवढंच ना? बैलाला धुताना आम्ही दुसरं काय करत हुतो? सांगायचं तरी नीट."

आता बुधवारी सकाळी गाडी धुतली जाते. मधल्या दिवसांत ती धुळीने भरली तर भरू देतात, मामा तिच्याजवळून हात पाठीमागे बांधून जातात. हे त्यांना फार जड जाते असे मामी सांगतात. खुंटीवरचे धोतराचे फडके ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीला गेले. सहा टॉवेल पत्र्याच्या डब्यात असतात, रंगवार घडी घालून, आणि डब्याला हात लावण्याआधी मामांना विचारावे लागते. सातवा एक पांढरा आहे. तो मामींनी चष्म्यासाठी मागून घेतला, आणि तो गाडीच्या आसपास दिसता कामा नये अशी घरात सक्त ताकीद आहे.